डावा गुडघा

आयसेलिन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २०२५

संग्राम,

काल तू चार मिनिटं बावीस सेकंद खेळलास. दोन रिबाउंड, एक फाउल, पॉइंट शून्य. आई म्हणाली, एवढ्या वेळात माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्यासुद्धा होत नाहीत. ती आत-बाहेर करत होती, त्यामुळे तिचं अर्धं बघायचं राहिलं. मी मात्र लॅपटॉपसमोरून हललो नाही. तू बेंचवरून उठलास की मी उठतो, तू बसलास की मी बसतो. रिटायर झाल्यापासून एवढाच काय तो माझा व्यायाम.

म्हातारा कागदावर का लिहायला लागला, असं तुला वाटेल. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला अंगठा पाठवतोस. अंगठ्याला मी काय उत्तर देणार? म्हणून तुझ्या टीमच्या ऑफिसचा पत्ता शोधला. एरी, फोर्ट वेन, लिथुआनिया, मनिला, उरुग्वे, पुन्हा मनिला आणि आता हे साउथ डकोटातलं सू फॉल्स. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, पण विंचू तरी निदान एका खंडात राहतो. लहानपणी दर रविवारी तुला मराठी वाचायला बसवायचो तेव्हा तू माझ्यावर दात-ओठ खायचास. आज त्याचा उपयोग झाला. तू हळू वाचतोस तेही बरंच आहे, राग जरा सावकाश येईल.

सू फॉल्सला आता थंडी पडली असेल. गुडघ्याला शेकतोस ना?

परवा भाजीच्या दुकानात जय भेटला. भेंडीची शेपटं मोडून बघत उभा होता, अगदी त्याच्या आईसारखा. मला वाटलं तो नजर चुकवेल, पण नजर मीच चुकवली. तोच पुढे आला आणि म्हणाला, "काका, कसे आहात? सॅम कसा आहे? त्याचा नी कसा आहे, गुडघा?" सॅम म्हणजे तू. मी बरा आहे म्हणालो. तो बरा आहे, सगळं बरं आहे. मग दूध गाडीत ठेवून येतो अशी काहीतरी थाप मारून बाहेर आलो. दूध आणि भाजी कार्टसकट तिथेच राहिली. आईने विचारलं तेव्हा तिला सांगितलं, दुकानात गर्दी होती.

जयला तू काढून टाकलंस त्याला येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. चौथीपासून एकाच बसमधून जाणारी पोरं तुम्ही. तू बास्केटबॉल खेळणार म्हणून तो वकील झाला आणि वकील झाला तो तुझा एजंट व्हायला. तुझ्या दुखऱ्या गुडघ्याचं त्यानेच टीमला सांगितलं आणि म्हणून मोठ्या लीगमधली तुझी जागा गेली, अशी तुझी खात्री आहे. मी एवढंच म्हणतो की खात्री करून घेतलीस का? एवढंच.

आई आशीर्वाद सांगते. माझेही त्यातच धर.

बाबा


आयसेलिन
१७ नोव्हेंबर

संग्राम,

तुझा मेसेज पोचला. अंगठ्यापेक्षा मोठा आहे म्हणून आधी आनंद झाला, मग वाचला. "स्टे आउट ऑफ इट, बाबा. माझ्या नीबद्दल फक्त मला आणि जयला माहीत होतं. मी नाही सांगितलं, सो यू डू द मॅथ."

गणितात मी बरा होतो, तेव्हा केलं. तुझा एक आकडा धरायचा राहिला, पण ते पुढे सांगतो.

हल्ली घरात माझा पाय टिकत नाही. सकाळी मॉल उघडला की आत तीन फेऱ्या मारतो. तिथले सिक्युरिटीवाले आता मला हात करतात. घरी आलो की गराज आवरतो. काल तर आवरलेलंच पुन्हा आवरलं. आई म्हणते, "तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का? त्याला तरी टीम नाचवते, तुम्हाला कोण नाचवतंय?" तिला काय सांगू?

मोठ्या लीगमधले तुझे ते वीस दिवस मला पाठ आहेत. दहा दिवसांचा करार आला, तो संपल्यावर दुसऱ्या दहा दिवसांचा. तिसरा देता येत नाही, तसा लीगचा नियमच आहे. दोन झाल्यावर एकतर सीझनभर ठेवायचं, नाहीतर घरी पाठवायचं. हे तू मला जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली आणि चमचे मांडून समजावलं होतंस. आठ वर्षं लहान लीगमध्ये घासून मिळालेले वीस दिवस. टीव्हीवर आपलं आडनाव पाठीवर घेऊन तू पळताना दिसलास तेव्हा आईने देवापाशी साखर ठेवली. मी उभाच होतो. बसलो तर तुला खाली बसवतील असं उगाच वाटायचं.

तर सांगायचं ते हे, की त्या अठराव्या दिवशी घरी एक फोन आला होता. टीमच्या ऑफिसमधल्या एका माणसाचा. मोठा करार करण्याआधी ते घरच्यांशी, जुन्या कोचशी बोलतात म्हणे. तुला सांगायचं राहून गेलं. मी बाप आहे, मी काय सांगणार? तुझं कौतुकच केलं.

म्हणजे त्यांनी बऱ्याच लोकांना विचारलं असणार. एकट्या जयला धरून बसू नये, एवढाच मुद्दा.

हे पत्र आज पोस्टात टाकतो. पोस्ट ऑफिसपर्यंत चालतच जाणार आहे.

बाबा


आयसेलिन
२४ नोव्हेंबर

संग्राम,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. कौतुकाचं.

पेटीत पत्र पडल्याचा आवाज आला आणि मला ते काढून घ्यावंसं वाटलं. काउंटरवरच्या बाईंना तसं विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, पेटीत पडलं की ते आमचं. आठवडाभर खोटं लिहिण्याची लाज वाटत राहिली, आणि खरं लिहिण्याची भीती. आज आई मंजुषाकाकूंकडे भिशीला गेली आहे. ती येईपर्यंत लिहून संपवतो.

फोन सकाळी अकराला आला. मी डाळिंब सोलत होतो. माणूस फार आदबीने बोलत होता, दर वाक्याला सर. त्याने विचारलं, मुलगा स्वभावाने कसा आहे?

आता माझ्या जागी उभा राहून ऐक. आमच्याकडे आपल्या पोराची तारीफ आपल्या तोंडाने करत नाहीत. माझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या आईचे वडील चौकशीला आले, तेव्हा तुझे आजोबा त्यांना म्हणाले, "मुलगा साधारण आहे. चिडका आहे. लहानपणी कावीळ झाली होती, तेव्हा तळकट चालत नाही. आधी सांगितलेलं बरं, नंतर तुम्हाला वाटायला नको की आम्ही लपवलं." आईचे वडील त्यावरच खूश झाले. म्हणाले, माणसं सरळ आहेत. आणि लग्न ठरलं.

तो फोन मला तसाच वाटला. तुझं स्थळ चांगल्या घरी जातंय आणि समोरून चौकशी आली आहे. मी अगदी तुझ्या आजोबांच्या आवाजात बोललो. म्हणालो, मुलगा ठीक आहे. मेहनती आहे, पण हट्टी आहे. सांभाळून घ्या.

तो हसला. मग म्हणाला, "सर, इज देअर एनीथिंग एल्स वी शुड नो?"

एकतीस वर्षं मी पूल तपासले. कुठे गंज आहे, कुठे तडा आहे, तो किती इंच आहे, हे लिहायचं आणि खाली सही करायची. पूल चांगला आहे असं कुणी लिहीत नाही, ते लिहायला आम्हाला ठेवलेलंच नसतं. काही आहे का, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून आपोआप यादी निघते. मी म्हणालो, हिवाळ्यात त्याचा डावा गुडघा धरतो. थँक्सगिव्हिंगला घरी आला होता तेव्हा जिना तिरका उतरत होता, रेलिंग धरून. कुणाला सांगत नाही, सहन करतो. तुमच्या डॉक्टरांनी जरा लक्ष ठेवलं तर बरं होईल.

तुला वाटत होतं मी बघितलं नाही. मी बघितलं होतं. बाप जिन्याखाली उभा होता.

तो म्हणाला, थँक यू सर, व्हेरी हेल्पफुल. फोन ठेवला तेव्हा मी खूश होतो. बोलणी छान झाली असं वाटत होतं. आईलाही सांगितलं नाही, कारण करार होण्याआधी बोललं तर दृष्ट लागते. राहिलेलं डाळिंब सोललं आणि खाल्लंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. त्यांनी तुला सोडलं होतं. गुडघ्याची शंका आहे, जवळच्या माणसाकडून कळलं, एवढंच त्यांनी तुला सांगितलं. तू रडत नव्हतास. रडला असतास तर मी त्याच क्षणी बोललो असतो असं मी स्वतःला नेहमी सांगतो. पण तू एकदम शांत होतास आणि म्हणालास, "इट वॉज जय."

आता जे लिहितो ते लिहायला हे पान मी दोनदा फाडलं. तू जयचं नाव घेतलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. वाईट नंतर वाटलं. आधी सुटल्यासारखं वाटलं.

मग दोन दिवसांनी सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, तुला दुसरी टीम मिळाली की सांगू, असं करत गेलो. मिळालं ते मनिला. तिथे फोनवर कसं सांगणार, असं मनाला समजावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली आणि चोर इकडे मॉलमध्ये फेऱ्या मारत राहिला.

त्या वर्षीच्या दिवाळीला जय फराळाचा डबा घेऊन दारात आला होता. तुला कुणी सांगितलं नसेल. आई दारातच म्हणाली, "माझ्या पोराच्या पोटावर पाय दिलास आणि आता चकल्या घेऊन येतोस?" डबा घेतला नाही. मी तिच्या मागे आकाशकंदिलाची वायर हातात धरून उभा होतो. जयने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी वायर गुंडाळत राहिलो.

मी सांगितलं रे. तुझ्या गुडघ्याचं मी सांगितलं. जयने नाही.

मला काय शिक्षा द्यायची ते तू ठरव. त्याची मात्र संपव.

बाबा


आयसेलिन
३ डिसेंबर

संग्राम,

तुझ्याकडून काहीच नाही. अंगठाही नाही. रविवारच्या मॅचमध्ये तू अजिबात उतरला नाहीस. कॅमेरा बेंचकडे वळला तेव्हा तू टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होतास. पत्र मिळालं असं मी त्यावरून धरतो. कोचने बसवलं असेल तर तसं असो, पण माझ्यामुळे असेल तर खेळात ते आणू नकोस. तेहतिसाव्या वर्षी तुला मिनिटं वाया घालवून चालणार नाही.

आईला सांगितलं. ती भिशीहून आली, साडी बदलायच्या आत सांगितलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. ती आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. ती खुर्चीत बसली. मग एकच विचारलं, "मी त्याला दारातून घालवलं तेव्हा तुम्ही मागेच होतात ना?" मी हो म्हणालो. त्यावर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी सकाळी बेसन भाजायला घेतलं. एवढं भाजलं की खालचा स्मोक अलार्म दोनदा वाजला. लाडू वळले, डबा भरला आणि मला म्हणाली, "गाडी काढा."

जयचं ऑफिस अजून ओक ट्री रोडवर त्या साडीच्या दुकानाच्या वरच आहे. आता खेळाडू वगैरे नाहीत, घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं करतो. आम्ही दोघं दारात दिसलो तसा तो उठून उभा राहिला. आईने डबा टेबलावर ठेवला आणि तिला बोलवेना. म्हणून मला बोलावं लागलं. मी फोनचं सांगायला सुरुवात केली. अकरा वाजले होते, डाळिंब, सगळं. त्याने मला मध्येच थांबवलं.

"काका, आय नो. त्या माणसाने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तुमचा फॅमिली कॉल झाला म्हणून."

संग्राम, मला खाली बसावं लागलं. दुकानात तो मला काका कसे आहात विचारत होता, आणि त्याला माहीत होतं. दारात डबा घेऊन उभा होता तेव्हाही माहीत होतं.

मी विचारलं, मग तू त्याला सांगितलं का नाहीस? तो तुला नाही नाही ते बोलला. तुझं काम गेलं.

तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत होता. म्हणाला, "काका, तो त्या दिवशी इतका भडकला होता ना. ज्याचं नाव घेतलं असतं त्याला तो कायमचा सोडणार होता. एजंट त्याला दुसरा मिळाला असता. बाबा कुठून आणणार?" मग म्हणाला, "आणि मला वाटलं तुम्ही सांगाल. दोन-चार दिवसांत."

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

आई रडली. मीही रडलो, खालून साड्यांच्या गिऱ्हाइकांचा आवाज येत होता आणि वर आम्ही तिघं असे. मग त्याने लाडू खाल्ला, म्हणाला, "काकू, थोडा करपलाय," आणि दुसरा घेतला. निघताना त्याने विचारलं की सू फॉल्सला तुझा करार कुणी वाचला. मी म्हणालो, संग्रामने स्वतःच वाचला असेल. जय म्हणाला, "ओह गॉड."

त्याने तुला निरोप काही दिला नाही. मीही मागितला नाही.

बाबा


आयसेलिन
१२ डिसेंबर

संग्राम,

तुझा मेसेज काल दुपारी आला. मी मॉलमध्ये दुसऱ्या फेरीत होतो. तिथेच एका बाकावर बसून वाचला, मग घरी येऊन पुन्हा वाचला. तू इंग्रजीत लिहिलंस आणि मी ते मनात मराठीत ऐकलं, तेव्हा चुकलं असेल तर सांग. तू लिहितोस, "जयने गेल्या वर्षी त्याच्या लग्नाचं आमंत्रण पाठवलं होतं आणि मी त्याला उत्तरही दिलं नाही. मी त्याला दहा लोकांसमोर विकला गेलेला म्हणालो. त्याला सगळं माहीत होतं आणि तो ऐकून घेत होता. आता त्याला काय तोंड दाखवू? थोडा वेळ जाऊ दे, सीझन संपू दे, मग बघतो."

सगळ्या मेसेजमध्ये माझ्याबद्दल एक शब्द नाही. आईने तो दोनदा शोधला. मी तिला म्हटलं, राहू दे. तो मागायचा हक्क मला नाही.

पण त्या शेवटच्या ओळीवर मला बोलायचं आहे, कारण ती माझी आहे. "थोडा वेळ जाऊ दे" हे मी तीन वर्षं रोज म्हणत आलो. सीझन संपला की, टीम मिळाली की, तू घरी आलास की. या विषयात आयसेलिनमध्ये माझ्याइतका जाणकार दुसरा नाही, तेव्हा ऐक. वेळ गेल्याने सोपं होत नाही. पहिल्या दिवशी नुसतं "मी चुकलो" म्हणायचं असतं. तिसऱ्या वर्षी ते म्हणायचं असतंच, शिवाय इतके दिवस का नाही म्हणालो तेही सांगावं लागतं, आणि त्याला उत्तर नसतं. मी शोधलं, नाही सापडलं. उंची तू माझ्याकडून घेतलीस, हट्ट घेतलास, घे. हे घेऊ नकोस.

आणि काय तोंड दाखवू म्हणतोस, तर मी दाखवलं ना. तुझ्यापेक्षा माझं तोंड किती वाईट होतं. त्याने खुर्ची दिली मला.

तुझ्या मॅचचं म्हणशील तर कालही तू बसूनच होतास. जय म्हणतो की जानेवारीत टीम माणसं कमी करतात आणि तुझ्या करारात पाच दिवसांच्या नोटिशीचं कलम असणार, तू ते वाचलं नसणार. लिथुआनियातल्या त्याच्या जुन्या ओळखीच्या कोचला तुझ्या उंचीचा माणूस हवा आहे. हे त्याने मला आपणहून सांगितलं, फोन करून, आज सकाळी. मी म्हटलं, तूच सांग की त्याला. तो म्हणाला, "काका, त्याला करू दे आधी फोन. एवढं तर मला वाटणार ना?"

एवढं तर त्याला वाटणारच रे.

तो ऑफिसमध्ये सहापर्यंत असतो. तुमच्याकडे तेव्हा पाच वाजलेले असतात, प्रॅक्टिस संपलेली असते. नंबर त्याने बदललेला नाही, मी विचारून घेतलं. काय बोलायचं ते आधी ठरवू नकोस. मी ठरवून गेलो होतो, त्यातलं काही उपयोगी पडलं नाही.

हे वाचून झालं की फोन कर. आज. मला नाही, त्याला. मला नंतर केलास तरी चालेल. कधीच नाही केलास तर चालणार नाही, पण ते मी सोसेन.

बाबा